बोटीनं नको

आमच्या घरातलं हेरखातं आई चालवायची.

बाबा नेव्हल डॉकयार्डात फिटर होते. सकाळी लालबागला बस पकडायची, लायन गेटवर पास दाखवून आत जायचं, संध्याकाळी सुटी झाली की बाहेर. मधल्या वेळात कुठल्या जहाजावर काम होतं, कोण साहेब ओरडला, काय मोडलं, काय जोडलं, यातलं एक अक्षर घरी यायचं नाही. ‘आज काय केलंत?’ याला उत्तर एकच, ‘काम.’ लग्नानंतर वर्षभरातच आईनं विचारणं सोडलं आणि ती डबा वाचायला शिकली.

डबा रिकामा आणि विसळून आणलेला असेल तर दिवस निवांत गेला. भाजी संपली आणि पोळ्या तशाच, म्हणजे उभ्या उभ्या दोन घास खाल्ले. कडीवर काळ्या तेलाचे ठसे असले तर बोटीच्या पोटात, बॉयलरपाशी बसून जेवले. लागोपाठ आठ-दहा दिवस ओव्हरटाइम आणि मग एकदम वेळेवर घरी, विसळलेला डबा, वर कागदाच्या पुडीत आमच्यासाठी शेंगदाणे, तर जिच्यामागे सगळे लागले होते ती बोट समुद्रात गेली. आईला तोफा किती, वेग किती, कप्तान कोण, काही ठाऊक नव्हतं. पण आरमार मुंबईत आहे की नाही, हे तिला बहुतेक वेळा बरोबर कळायचं. ते तिनं कुणाला सांगितलं नाही. मलासुद्धा सांगितलं ते बाबा निवृत्त झाल्यावर.

आपल्याकडे हेर म्हटलं की डोळ्यांसमोर बहिर्जी नाईक येतात. कधी फकीर, कधी गोंधळी, दाढी लावून शत्रूच्या गोटात. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्या दाढीचा एक तरी मुलगा असायचाच. मला मात्र मोठेपणी युद्धांबद्दल वाचताना वेषांतरापेक्षा हिशोबाच्या वह्यांचीच गाठ जास्त पडत गेली. किती पोती तांदूळ गेले, किती कोळसा भरला, कुणाची रजा रद्द झाली. युद्धाची बातमी बहुतेक वेळा वाण्याच्या दुकानातून फुटते.

बाबांच्या मौनाचं मूळ त्यांच्या वडिलांत होतं. आजोबा व्हिक्टोरिया डॉकमध्ये टॅली क्लार्क. जहाजातून उतरलेला माल मोजायचा आणि कागदावर खुणा करायच्या. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. १४ एप्रिल १९४४ ला त्यांची रात्रपाळी होती म्हणून आमचं घराणं पुढे चाललं. त्या दुपारी ते मस्जिद बंदरजवळच्या खोलीत झोपले होते. चार वाजून सहा मिनिटांनी ‘फोर्ट स्टिकीन’ उडालं तेव्हा खिडकी चौकटीसकट त्यांच्या अंगावर आली.

या जहाजाची गोष्ट मुंबईत अनेकांना माहीत असते, पण ती बहुधा सोन्याच्या विटांपाशी येऊन थांबते. जहाजावर १२४ विटा होत्या, त्यातल्या काही आभाळातून पडल्या, कुठे सापडल्या, कुणी परत केल्या वगैरे. मला त्यातला कापूस जास्त अस्वस्थ करतो. फेब्रुवारीत इंग्लंडहून निघालेल्या या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. कराचीला त्यात कापसाच्या हजारो गासड्या चढवल्या गेल्या. शिवाय लाकूड, वंगणाची पिंपं, मासळीचं खत. १२ एप्रिलला ते मुंबईला पोहोचलं. अशी जहाजं गोदीत न आणता बाहेर पाण्यातच रिकामी करायची, ही सावधगिरी युद्धाच्या घाईत सैल झाली होती. स्फोटकांचं जहाज म्हणून लाल बावटा लावायचा, तोही लावलेला नव्हता. १४ तारखेच्या दुपारी धूर दिसला. बंबवाले आले, त्यांनी शेकडो टन पाणी ओतलं, आणि तरीही जहाज धक्क्यालाच बांधलेलं राहिलं. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थच १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला.

यात लपलेलं काहीच नव्हतं, हे आजोबा पुन्हा पुन्हा सांगायचे. कापसाची ओळ कागदावर होती, स्फोटकांचीही होती. कराचीत कुणीतरी, मुंबईत कुणीतरी त्या दोन्ही ओळींवर सही केली होती. ‘दोन ओळी एकाच माणसानं एका वेळी वाचायला हव्या होत्या,’ ते म्हणायचे, ‘तेवढंच राहिलं.’ टॅली क्लार्कचा दृष्टिकोन आहे, मान्य. पण युद्धातल्या मोठमोठ्या चौकशी समित्यांचे अहवाल चाळले तरी त्यातली बरीच पानं शेवटी इथेच येतात. माहिती होती, ती दोन वेगळ्या टेबलांवर होती.

आणि मग सरकारनं काय केलं? तर बातमी दाबली. निम्मी मुंबई हादरली, तीन दिवस आकाश काळं होतं, हजारो लोक बेघर झाले, आणि वर्तमानपत्रांना सविस्तर छापायला परवानगी मिळाली ती मे महिन्यात. दरम्यान जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं दुसऱ्याच दिवशी ती जगाला सांगून टाकली होती. शत्रूला कळलं होतं. कळू द्यायचं नव्हतं ते ज्याच्या अंगावर खिडकी पडली त्याला. आजोबांना गोदीतल्या साहेबानं बजावलं, बाहेर बोलायचं नाही. ते कपाळाला पट्टी बांधून महिनाभर फिरत होते आणि कुणी विचारलं तर ‘जिन्यावरून पडलो’ सांगत होते. मस्जिद बंदरमध्ये त्या महिन्यात जिन्यावरून पडलेले बरेच लोक होते म्हणे.

बाबांनी तोंड बंद ठेवणं तिथून उचललं. १९६५ च्या लढाईत त्यांची त्यावरून फार गंमत झाली. आपली विमानवाहू बोट विक्रांत तेव्हा मुंबईत दुरुस्तीसाठी गोदीत होती आणि बाबांची टोळी तिच्यावरच काम करत होती. पलीकडून दावा झाला की विक्रांत बुडवली. चाळीत कुणीतरी रेडिओवर ऐकलं आणि गॅलरीत एकच गलका. शेजारचे काका बाबांना म्हणाले, ‘अरे, तुमची विक्रांत गेली!’ बाबांच्या नखांत त्या क्षणी विक्रांतचं ग्रीस होतं. ते म्हणाले, ‘अरेरे,’ आणि हात धुवायला मोरीत गेले. आई सांगायची, त्या रात्री ते अंथरुणात पडून एकटेच हसत होते. का हसताय हे तिनं विचारलं नाही. तिनं डबा पाहिला होता.

१९७१ चं मला स्वतःला आठवतं. मी नऊ वर्षांची होते. दिवाळीनंतर खिडक्यांना काळे कागद लागायला सुरुवात झाली, मोटारींचे दिवे वरून अर्धे काळे रंगवले गेले. आईनंही आपली तयारी केली. एका पत्र्याच्या ट्रंकेत रेशनकार्ड, बाबांच्या नोकरीचे कागद, मंगळसूत्र सोडून बाकीचे दागिने, मेणबत्त्या, काडेपेट्या आणि आम्हा भावंडांच्या नावाचे कापडी बिल्ले. रॉकेलचा डबा वेगळा. मुंबईवर बॉम्ब पडले तर काय, नुसती पळापळ झाली तर काय, बाबा डॉकयार्डात अडकले तर काय, असा तिनं वेगवेगळा विचार केला होता. शेवटच्या शक्यतेत आम्ही गावी जायचं होतं. गाव दाभोळच्या खाडीजवळ. भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोट पकडायची, सकाळी घरी. तिचं माहेरपण सगळं बोटीनंच झालेलं.

नोव्हेंबरच्या शेवटी कधीतरी रात्री जेवताना तिनं ही योजना बाबांना सांगितली. बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, ‘बोटीनं नको. एस.टी.नं जा.’

‘का हो?’

‘एस.टी. बरी.’

बस. चौदा वर्षांच्या संसारात घराच्या उंबऱ्याच्या आत आलेली ती पहिली लष्करी माहिती. आईनं ती कुणालाच सांगितली नाही. फक्त परळच्या मावशीला म्हणाली, सुटीत गावी जाणार असशील तर बोटीनं जाऊ नकोस, उगाच मळमळतं. मावशी जन्मभर बोटीनं गेली होती, तिला कधी मळमळलं नव्हतं. तिनं तो सल्ला नणंदेला दिला, मळमळीचं कारण गाळून. तीन दिवसांत आमच्या चाळीतले दोन मजले कोकणात एस.टी.नं जायचं म्हणत होते, का ते कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि खालचा वाणी तर समुद्रात सुरुंग पेरल्याचं छातीठोक सांगत होता. हे बाबांच्या कानावर आलं तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिलाय. ते आईवर ओरडले नाहीत. त्यांनी त्यानंतर ‘बरी’ हा शब्दसुद्धा वापरायचं कमी केलं.

बाबांना नेमकं काय माहीत होतं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. बहुधा पाणबुडीविरोधी जहाजांवर चाललेली घाई त्यांनी पाहिली असावी आणि एका फिटरनं जो निष्कर्ष काढायचा तो काढला. पण त्यांचा अंदाज किती अचूक होता, ते मी पुढे वाचलं. पाकिस्तानची ‘हंगोर’ ही पाणबुडी त्या दिवसांत खरोखरच मुंबईच्या समोर होती. आपलं पश्चिमी आरमार २ डिसेंबरला मुंबईतून निघालं, ते तिच्या टप्प्यातून गेलं. युद्ध जाहीर झालं नव्हतं, डागायचा हुकूम नव्हता, म्हणून ती गप्प बसली. आम्ही लालबागला काळे कागद चिकटवत होतो, खाली पाण्यात कुणीतरी आपली जहाजं मोजत होतं.

दुसरी पाणबुडी ‘गाझी’. ती नोव्हेंबरच्या मध्यावर कराचीहून निघाली ती विक्रांतच्या शोधात, थेट बंगालच्या उपसागरात. विक्रांत तेव्हा पूर्वेला होती. तिच्या एका बॉयलरला तडे गेलेले, पूर्ण वेग घेता येत नव्हता. अशी बोट लढाईत न्यायची की बंदरात जपून ठेवायची, यावर वर बराच खल झाला. शेवटी तिला न्यायचं ठरलं, आणि ती जिथे नाही तिथे ती असल्याचं भासवायचंही ठरलं. पूर्व कमांडचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी विक्रांतला अंदमानात लपवलं आणि ‘राजपूत’ नावाची एक म्हातारी विनाशिका विशाखापट्टणमच्या समोर समुद्रात पाठवून तिच्याकडून विक्रांतच्या तोऱ्यात भरपूर वायरलेस संदेश पाठवले.

इथवर ठीक, हे कुठल्याही आरमाराला सुचेल. मला आवडतं ते पुढचं. कंत्राटदारांकडे मटण आणि ताज्या भाज्यांची प्रचंड ऑर्डर दिली गेली. एवढी भाजी म्हणजे मोठी बोट आलीय, हे बाजाराला न सांगता कळणार आणि बाजाराकडून पुढे जायचं तिथे जाणार. शिवाय एका नौसैनिकाच्या नावानं, सांकेतिक नव्हे तर उघड्या भाषेत, आई फार आजारी आहे तिची खबर कळवा, असा संदेश सोडला. नियमाप्रमाणे ही घोडचूक, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याला पटण्यासारखी. हे सगळं कृष्णन यांनीच पुढे लिहिलंय. मी ते वाचलं तेव्हा पहिल्यांदा आई आठवली. या माणसानं आईसारख्या लाखो बायका, भाजीवाले, वाणी, हमाल डोळ्यांसमोर ठेवून आखणी केली होती. बाबांची समजूत होती की गुपित गप्प राहून टिकतं. कृष्णन यांनी ते गोंगाट करून टिकवलं. माझ्या लेखी १९७१ ची सगळ्यात हुशार चाल कराचीवरच्या हल्ल्याची नव्हे, ही भाजीची.

३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर हल्ला केला. त्याच रात्री गाझी विशाखापट्टणमच्या बंदराबाहेर बुडाली. राजपूतनं टाकलेल्या, पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बांनी, असं आपलं आरमार म्हणतं. पाकिस्तान म्हणतं, तिच्याच पोटातल्या स्फोटानं. ती तिथे होती हे मात्र आधी मच्छीमारांना समुद्रात सापडलेल्या वस्तूंवरून पक्कं होत गेलं. मच्छीमारच. २००८ च्या त्या नोव्हेंबरात बधवार पार्कसमोर रबरी होडी लागली तेव्हाही अनोळखी पोरांना पहिल्यांदा हटकलं ते तिथल्या कोळ्यांनी. असो, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर मला राग न येता लिहिता येत नाही.

कराचीबद्दल थोडक्यात सांगते, कारण दर ४ डिसेंबरला, नौदल दिनी, ते सगळीकडे येतंच. रशियाकडून घेतलेल्या आठ क्षेपणास्त्र नौका मुळात बंदरांच्या रक्षणासाठी होत्या. लांबचा पल्ला त्यांना झेपत नसे. मुंबईत एवढं वजन उचलणारी क्रेन नव्हती म्हणून त्या कलकत्त्याला उतरवल्या आणि अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून ओढत मुंबईला आणल्या. ज्या अडचणीबद्दल त्या वर्षी डॉकयार्डात नक्कीच शिव्या घातल्या गेल्या असतील, तिनंच एक वाट दाखवली. ओढत कलकत्त्याहून येतात, तर ओढत कराचीकडे का नाही जाणार? निपात, निर्घात आणि वीर ४ च्या रात्री कराचीपुढे पोहोचल्या. रात्र निवडली, कारण पाकिस्तानी विमानांना अंधारात समुद्रावर हल्ला करता येत नव्हता. ‘खैबर’ या विनाशिकेवर पहिला मार बसला तेव्हा तिनं संदेश पाठवला की शत्रूच्या विमानानं हल्ला केलाय. आपल्याला काय लागलं हेच त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. दोनच दिवसांनी त्यांच्या हवाई दलानं ‘झुल्फिकार’ या स्वतःच्याच फ्रिगेटवर गोळीबार केला, भारतीय क्षेपणास्त्र नौका समजून.

आमच्याकडे त्या रात्री नुसता काळोख होता. गिरणीच्या भोंग्याची सवय असलेल्या लालबागला हवाई हल्ल्याचा भोंगा वेगळा ओळखू यायला एक दिवस गेला. खाली पोरं ‘लाईट घालवा’ म्हणून ओरडत फिरायची. ज्याच्या खिडकीतून फट दिसली त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. बाबा दोन-दोन रात्री घरी नसायचे. टीव्ही मुंबईत यायला अजून वर्ष होतं, त्यामुळे रेडिओभोवती सगळे. कराचीची बातमी आली तेव्हा पेढे वाटले गेले. बाबा पेढा खाऊन झोपले.

१० तारखेला सकाळी ते कामावर गेले आणि संध्याकाळी वेळेवर आले. आईनं डबा उघडला. तो सकाळी भरला तसाच होता. वरच्या पुडातल्या भाजीला चमचासुद्धा लागला नव्हता.

आईनं झाकण लावलं, भाजी पातेल्यात काढली आणि आम्हाला आवाज न करता अभ्यासाला बसायला सांगितलं. आपली युद्धनौका ‘खुखरी’ बुडाल्याचं आम्हाला नंतर कळलं. ९ च्या रात्री, दीवजवळ. तिला बुडवणाऱ्या हंगोरचे वायरलेस संदेश आपण पकडले होते, ती साधारण कुठे आहे हे माहीत होतं, आणि तिला शोधायलाच खुखरी आणि कृपाण मुंबईहून गेल्या होत्या. म्हणजे माहिती होती, बरोबरही होती. पण त्या दोघींपेक्षा हंगोरचे कान लांबचं ऐकत होते. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. युद्धाच्या योजनांवर आता पुस्तकं वाचते तेव्हा ‘माहितीचा अभाव’ हे अपयशाचं कारण म्हणून दिसलं की मला तो भरलेला डबा दिसतो. माहितीचा अभाव नव्हता.

खुखरीवर बाबा कधी काम करत होते का, त्यांच्या ओळखीचं कुणी तिच्यावर होतं का, मी एकदा विचारलं होतं. ‘झोप आता,’ म्हणाले. मी तेव्हा पस्तीस वर्षांची होते.

२०१४ मध्ये विक्रांत भंगारात निघाली. निवृत्तीनंतर बरीच वर्षं ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, आम्ही नातवंडांना घेऊन जाऊन आलो होतो. बाबा तेव्हा इतर पर्यटकांसारखे रांगेत उभे राहून तिच्यावर चढले आणि गाईड सांगत होता ते ऐकत राहिले, एकदाही मध्ये बोलले नाहीत. पण ती दारूखान्याला नेली हे पेपरात वाचल्यावर स्वतःहून म्हणाले, जाऊन येऊ. एकोणऐंशी वर्षांचे होते. हार्बर लाईननं रे रोडला उतरलो, ट्रकच्या रांगांतून, लोखंडाच्या पत्र्यांच्या ढिगांमधून चालत गेलो. आत कुणी सोडत नव्हतं. एका गल्लीच्या टोकाला तिचा एक तुकडा दिसत होता, गंजलेला, वर गॅस कटरच्या ठिणग्या.

शेजारी चहाची टपरी होती. बाकावर बसलो. कटरवर काम करणारी दोन-तीन पोरं चहा पीत उभी होती, त्यांचं आमच्याकडे लक्षही नव्हतं. मला वाटलं, आता तरी. आता तर सगळं छापून आलंय, बोटच उरली नाहीये.

‘बाबा, एकाहत्तरला तडे गेलेला बॉयलर नेमका कुठला हो? तुम्ही होतात ना त्या कामावर?’

बाबांनी त्या पोरांकडे पाहिलं, मग चहावाल्याकडे, मग माझ्याकडे.

‘हळू बोल,’ म्हणाले.